काकांची ६२ पानं आणि बँकेची २० मिनिटं

ताई,

डिचोली तालुक्यात आमचा काजूचा छोटा कारखाना आहे. आजोबांनी सुरू केला, आता काका बघतात. बी. कॉम. झाल्यापासून हिशेबाचं काम माझ्याकडे आहे. कारखाना वाढवायचा म्हणून काका आणि आमचे सीए यांनी मिळून ६२ पानांचा प्रकल्प अहवाल केला आणि बँकेत दिला. आता बँकेने पणजीच्या कार्यालयात बोलावलंय, २० मिनिटांचं प्रेझेंटेशन करा म्हणून. ते माझ्या गळ्यात पडलंय. अहवालातला मजकूर स्लाइडवर टाकत गेले, तर ५४ स्लाइड झाल्या. काका म्हणतात, एवढ्या मेहनतीने लिहिलंय, काही गाळू नकोस, नाहीतर त्यांना वाटेल आपल्याला माहीतच नाही. एका एआय टूलला अहवाल दिला, तर त्याने १२ स्लाइड करून दिल्या. दिसायला छान, पण वाचल्यावर त्या कुठल्याही कारखान्याच्या वाटतात. काकांना दुखवायचं नाही आणि बँकेत हसंही करून घ्यायचं नाही. काय करू?

— काकांची पुतणी, डिचोली

प्रिय पुतणी,

५४ स्लाइड २० मिनिटांत दाखवायच्या, तर एकीच्या वाट्याला जेमतेम २२ सेकंद येतात. तेवढ्यात साहेबांचा चष्मासुद्धा पुसून होणार नाही. हे तुलाही कळलंय, म्हणून तर पत्र लिहिलंस. पण त्या एआयच्या १२ स्लाइडही तुला पटल्या नाहीत, हे मला जास्त आवडलं. तुझ्या ५४ आणि त्याच्या १२, दोन्हींचं दुखणं एकच आहे. तू अहवालातल्या पानापानाला जागा दिलीस, त्याने प्रकरणाप्रकरणाला दिली. प्रवर्तकांची ओळख एक स्लाइड, बाजारपेठ एक, यंत्रसामग्री एक, मनुष्यबळ एक, असंच असणार ना? ती अहवालाची अनुक्रमणिका झाली. चवथीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या चौकटीला, रानातलं, परसातलं जे मिळेल ते सगळं बांधायचं असतं. कोणी का बांधलं म्हणून विचारत नाही. बँकेत विचारतात.

जरा थांबून बघ. अहवाल बँकेकडे आधीच आहे. तो कोणीतरी चाळलाय, कदाचित पूर्ण वाचलाय. तरीही बोलावलं, म्हणजे त्यांना ६२ पानं पुन्हा ऐकायची हौस नाही. त्यातलं काहीतरी एक-दोन ठिकाणी त्यांच्या मनात बसलेलं नाही. ते काय, हे ओळखण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे विचारणं. उद्या सकाळी शाखेत फोन कर आणि सरळ विचार: बैठकीला कोण कोण असतील? तुम्हाला कशाबद्दल जास्त ऐकायचंय? यात कमीपणा काही नाही. बहुतेक अधिकारी मोकळेपणाने सांगतात, कारण त्यांचाही वेळ वाचतो. ‘खेळत्या भांडवलाचं जरा नीट सांगा’ एवढं एक वाक्य जरी कानावर आलं, तरी तुझं निम्मं काम झालं.

आणखी एक लक्षात घे. समोर बसलेला माणूस बहुधा एकट्याने मंजुरी देणार नाही. तो टिपण लिहील, ते वर जाईल, आणि वरचे लोक त्याला प्रश्न विचारतील. तुला किंवा काकांना तिथे बोलावणार नाहीत. तेव्हा तुझ्या स्लाइडवरची वाक्यं अशी हवीत की त्याला ती उचलून टिपणात घालता यावीत. तो तुमचा परीक्षक आहे असं धरून चाललीस तर घाबरशील. उद्या तो तुमची बाजू दुसऱ्यांपुढे मांडणार आहे, असं धरून स्लाइड कर.

आता काका.

‘काही गाळू नकोस’ असं म्हणणाऱ्या माणसाशी गाळण्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांनी आणि सीएंनी कित्येक संध्याकाळी त्या कागदांवर घालवल्या असणार. त्यातलं एकेक पान वगळलंस की त्यांना ते स्वतःलाच वगळल्यासारखं वाटणार. त्यांना सांग की अहवाल जसाच्या तसा, बांधलेला, बैठकीतल्या प्रत्येकाच्या पुढ्यात असेल. आणि प्रत्येक स्लाइडच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिही: ‘अहवाल, पान २३’. बस. मग काही गाळलंच नाही. सगळं तिथेच आहे, फक्त पत्ता दिलाय. बँकेलाही हे फार उपयोगी पडतं, कारण आकडा कुठून आला हे त्यांना शोधत बसावं लागत नाही. काकांना अजून पटत नसेल तर अॅमेझॉनचं उदाहरण दे. जेफ बेझोस यांनी २००४ मध्ये तिथल्या वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट काढून टाकलं आणि त्याऐवजी लिखित मजकूर आणायला लावला, जास्तीत जास्त सहा पानांचा. बैठकीच्या सुरुवातीला सगळे तो गप्प बसून वाचतात. म्हणजे सविस्तर लिहिण्याला जगात किंमत आहे, काकांचं काही चुकलेलं नाही. फक्त तो कागद वाचायचा आहे, आणि पणजीत तुम्हाला बोलायचं आहे.

मग एखाद्या संध्याकाळी, कारखाना बंद झाल्यावर, त्यांच्यासमोर चहा ठेव आणि एकच प्रश्न विचार: ‘काका, साहेबांनी आपल्याला एकच वाक्य बोलू दिलं, तर तुम्ही काय सांगाल?’ ते लॅपटॉपकडे बघणारसुद्धा नाहीत. सांगतील, ‘बी हंगामात घ्यावी लागते, तेव्हा हातात पैसा नसतो, म्हणून आपण दरवर्षी कमी घेतो आणि दिवाळीनंतर माणसांना काम नसतं.’ शब्द वेगळे असतील, पण ते असंच काहीतरी असेल. ते त्यांच्याच शब्दांत लिहून घे. तुझी पहिली स्लाइड तीच. कारखान्याचा इतिहास, आजोबांचा फोटो, दृष्टिकोन आणि ध्येय वगैरे पहिल्या स्लाइडवर नको. आजोबांचा फोटो ठेवायचाच असेल तर अहवालाच्या मुखपृष्ठावर ठेव, तिथे तो शोभेल.

यानंतर अहवाल छापून घे आणि पेन्सिल घेऊन बस. पडद्यावर हे काम होत नाही, निदान मला तरी जमत नाही. प्रत्येक पानाच्या समासात एकच गोष्ट ठरवायची: हे कळलं नाही म्हणून बँक नाही म्हणेल का? ‘हो’ असेल तर खूण. नसेल तर पुढे. जागेचा एक-चौदाचा उतारा, परवाने, कोटेशनं, कामगारांची यादी यांना खूण मिळणार नाही. ती कागदपत्रं लागतात, पण पडद्यावर लागत नाहीत. शेवटी आठ-दहा पानांवर खुणा राहतील. त्या प्रत्येकीचं एक पूर्ण वाक्य कर, ज्याला क्रियापद आहे असं वाक्य. ‘कच्चा माल’ हे वाक्य नव्हे. ‘बी तीन महिन्यांत घ्यायची आणि वर्षभर फोडायची’ हे वाक्य. ती वाक्यं एका कागदावर ओळीने लिही आणि घरातल्या अशा कोणाला वाचून दाखव ज्याचा कारखान्याशी संबंध नाही. आईला दाखव. नुसत्या आठ-दहा ओळी ऐकून तिला समजलं की पैसे किती, कशाला आणि परत कसे येणार, तर स्लाइडचा सांगाडा तयार झाला. अडखळली तर तिथे एक वाक्य कमी आहे किंवा क्रम चुकलाय. स्लाइड बनवायला अजून हातही लावायचा नाही.

एक स्लाइड मी तुझ्यासोबत करून बघते, कारण काजूच्या धंद्यात तीच निर्णायक आहे असं मला वाटतं. आपल्याकडे हंगाम साधारण मार्च ते मे. पावसाआधी बी वाळवून गोण्यांत भरून ठेवायची. म्हणजे जूनच्या सुरुवातीला घरातला जवळजवळ सगळा पैसा गोण्यांत अडकलेला असतो, आणि गर विकला जाईल तसतसा तो सुटत जातो. चवथ-दिवाळीला जरा जोरात. डिचोलीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण समोरचे साहेब कदाचित पंजाबचे असतील किंवा बिहारचे, त्यांनी बारमाही चालणाऱ्या धंद्यांची खाती बघितलेली असतील. त्यांना अहवालाच्या परिशिष्टात काय दिसतं? बारा महिन्यांचा तक्ता, सतरा ओळी, आणि प्रत्येक आकडा रुपया-पैशापर्यंत. तो तक्ता स्लाइडवर चिकटवलास तर मागच्या रांगेतल्याला मुंग्या दिसतील.

त्याऐवजी बारा उभे खांब काढ, महिन्याला एक, गोदामातल्या मालाच्या किमतीचे. मेपर्यंत चढणारे, मग उतरत जाणारे. सगळे करडे ठेव. आता बँकेने आज दिलेली कॅश क्रेडिटची, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीच्या कर्जाची, मर्यादा म्हणून एक आडवी रेघ मार. खांबांचा जो भाग रेघेच्या वर जातो तेवढाच गडद रंगात. झालं. तुम्हाला जे मागायचंय ते त्या गडद भागात दिसतंय. वर शीर्षक: ‘हंगामात माल मर्यादेच्या वर जातो, म्हणून वाढीव मर्यादा हवी’. खाली एकही मुद्दा लिहायचा नाही. ते तू बोलशील. आकडे लाखात, फार तर एक दशांश. आणि एक्सेलने मिलियनच्या हिशेबाने स्वल्पविराम टाकले असतील तर ते आपल्या लाख-कोटींप्रमाणे करून घे, नाहीतर बैठकीत कोणीतरी शून्यं मोजत बसतं आणि तुझं बोलणं हुकतं.

यंत्रांच्या बाबतीतही तेच. बॉयलर, कटिंग मशीन, ड्रायर, सोलणीचं यंत्र यांची यादी आणि किमती अहवालात आहेतच. साहेबांना यंत्र विकत घ्यायचं नाहीये. यंत्र आल्यावर शंभर किलो बीमागे अख्खा गर आज किती निघतो आणि उद्या किती निघेल, एवढं सांग. कारण अख्खा, पाकळी आणि तुकडा यांच्या भावात जो फरक असतो, त्यातूनच हप्ता भरला जाणार आहे. हा फरक माहीत नसलेल्याला तो स्लाइडवर समजावणं अवघड. तीन छोट्या काचेच्या बरण्या ने, अख्खा, पाकळी, तुकडा, आणि टेबलावर ठेव. जमलं तर चौथी, डब्ल्यू १८० प्रतीच्या गराची; डब्ल्यू ३२०च्या शेजारी ती ठेवलीस की मोठा गर म्हणजे काय हे सांगावंच लागणार नाही. एका पौंडात किती गर बसतात त्यावरून हे आकडे आलेत, म्हणून आकडा लहान तितका गर मोठा. हा भाग काकांना बोलू दे. त्यांच्याइतकं हे कोणाला सांगता येणार नाही, आणि मघाचा सगळा रुसवा इथे निघून जाईल. बरण्या मात्र परत आण. नमुना वेगळा आणि भेट वेगळी, बँकेत तर फारच वेगळी.

आता एक गंभीर गोष्ट. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान पृथ्वीवर परतताना तुटलं आणि कल्पना चावलासह सात जण गेले. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून पंखावर आदळला होता. यान अवकाशात असताना, धोका किती आहे हे सांगायला अभियंत्यांनी नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइड मांडल्या. त्यातल्या एका स्लाइडची पुढे चौकशी मंडळाने आपल्या अहवालात स्वतंत्र दखल घेतली. तिचं शीर्षक वाचून वाटावं की चाचण्यांचे निष्कर्ष दिलासा देणारे आहेत. आणि अगदी तळाशी, लहान अक्षरांत, उपमुद्द्याच्या उपमुद्द्यात लिहिलेलं होतं की आदळलेल्या तुकड्याचं आकारमान सुमारे १,९२० घनइंच आहे, तर चाचण्या झाल्या होत्या त्या ३ घनइंचांच्या तुकड्यावर. ६४० पट फरक! त्या एका स्लाइडमुळे अपघात झाला असं कोणी म्हणत नाही. पण खोलीतल्या सगळ्यांनी जी गोष्ट आधी बघायला हवी होती, ती वाचायची राहून जाईल अशा जागी होती.

तुझ्या अहवालातही अशी एखादी तळाची ओळ असणार. मला वाटतं ती बीच्या भावाची असेल. आफ्रिकेतून येणारी बी, पडता-चढता भाव, एखाद्या वर्षी अवकाळी पावसाने झडलेला मोहर. काकांना ती ओळ पुढे आणायला आवडणार नाही. सीएंनीही ती ‘जोखीम’ नावाच्या परिच्छेदात, पान ५० च्या पुढे कुठेतरी ठेवली असेल. तिला स्वतःची स्लाइड दे, आणि शेवटून दुसरी नको, मध्यावर दे. शीर्षकातच सांग: ‘बी इतकी महागली तरी हप्ता भरता येतो, त्यापुढे नाही’. ‘इतकी’च्या जागी सीएंकडून आकडा काढून घे, त्यांना एक्सेलमध्ये तो काढायला फार वेळ लागणार नाही. बँकेत बसलेल्या माणसाला जोखीम असतेच हे माहीत असतं. ती तुम्हाला माहीत आहे का, एवढंच तो बघत असतो. ते त्याला तुझ्या तोंडून कळू दे, त्याच्या प्रश्नातून बाहेर पडलं तर वेगळं दिसतं.

किती स्लाइड? गाय कावासाकी नावाचे अमेरिकेतले गृहस्थ, जे आधी अॅपलमध्ये होते आणि नंतर नव्या कंपन्यांत पैसा घालू लागले, त्यांचा नियम प्रसिद्ध आहे: १० स्लाइड, २० मिनिटं, आणि ३० पॉइंटपेक्षा लहान अक्षर नाही. दहाचा आग्रह मी धरणार नाही. तुझ्या नऊ झाल्या काय किंवा बारा. तीस पॉइंट मात्र धर, कोपऱ्यातला पानाचा पत्ता तेवढा सोडून. एवढं मोठं अक्षर ठेवलं की परिच्छेद मावतच नाही, आपोआप वाक्य छोटं होतं. आणि बोलणं १४-१५ मिनिटांत बसव, २० मध्ये नाही. तुला मध्येच थांबवणार, प्रश्न विचारणार. विचारले नाहीत तर लवकर संपल्याबद्दल कोणी तक्रार करत नाही.

उरलेल्या स्लाइड फेकू नकोस. शेवटच्या स्लाइडनंतर, क्रमांक घालून, मागे ठेवून दे: परवाने, कोटेशनं, पाच वर्षांचा ताळेबंद, डीएससीआरचा, म्हणजे कमाईतून हप्ता किती पट भरता येतो त्याचा, पूर्ण तक्ता. कोणी विचारलं तर पॉवरपॉइंट चालू असताना तो क्रमांक टाइप करून एंटर दाब, थेट तिथे उडी मारता येते. क्रमांकांची यादी एका चिठ्ठीवर हाताशी ठेव. काकांची भीती हीच होती ना, की माहीत नाही असं वाटेल? बीच्या ओलाव्याचा प्रश्न आला आणि तू दोन सेकंदांत तक्ता उघडलास की काय वाटतं ते त्यांनाच बघू दे. आणि काका बरण्या घेऊन बोलायला लागले की कीबोर्डवरची इंग्रजी ‘B’ ची कळ दाब. पडदा काळा होतो आणि लोक माणसाकडे बघतात. पुन्हा दाबली की स्लाइड परत येते.

भाषा: स्लाइडवर इंग्रजी ठेव, कारण पुढचं टिपण इंग्रजीतच होणार. बोलणं मात्र तिथे जे कळेल त्यात. काका कोंकणीतून मराठीत आणि मराठीतून हिंदीत जातील, जाऊ दे. एखादी स्लाइड मराठीत ठेवायचीच असेल तर सीएंच्या ऑफिसातली फाइल श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात नाही ना, हे आधी बघ. असेल तर कॉपी केल्यावर नुसती चिन्हं येतात. युनिकोडमध्ये करून घे. देवनागरीत वेलांट्या-उकारांना वरखाली जागा लागते, म्हणून ओळींतलं अंतरही थोडं वाढव.

त्या एआयला मी नाव ठेवत नाही. शीर्षकाचं वाक्य आणखी छोटं करून दे, म्हणून त्याला सांग, ते काम ते बरं करतं. पण त्याच्या १२ स्लाइडमधला प्रत्येक आकडा अहवालाशी ताडून बघ. अशा टूलला कधीकधी अहवालात नसलेला आकडाही सुचतो, आणि तो बँकेने पकडला तर खरे आकडेही संशयात येतात. आणि पूर्ण अहवाल पुन्हा तिथे चढवू नकोस. मागच्या परिशिष्टात घरातल्यांचे पॅन, आधार, खाते उतारे असतील.

फाइल पेन ड्राइव्हवर नेऊन भागेल असं समजू नकोस. बऱ्याच बँकांच्या संगणकांवर पेन ड्राइव्ह चालत नाही. स्वतःचा लॅपटॉप, एचडीएमआय केबल, आदल्या दिवशी साहेबांना मेल केलेली पीडीएफ, आणि चार छापील संच. वीज गेली तर छापील संचावर बोल, आकडे तेच आहेत.

शेवटच्या स्लाइडवर ‘थँक यू’ आणि सूर्यास्ताचं चित्र घालू नकोस. प्रश्नोत्तरं चालू असताना तीच स्लाइड दहा मिनिटं पडद्यावर राहणार आहे. तिथे तीनच ओळी हव्यात: मुदत कर्ज किती, खेळत्या भांडवलाची मर्यादा किती, आणि कधीपर्यंत, म्हणजे हंगामाआधी, फेब्रुवारी संपायच्या आत.

— ताई